आधी घाम, मग ताट

कुस्तीच्या हौद्यातली माती आठ दिवस उकरली नाही तर दगडासारखी बसते. तालमीतल्या किश्श्यांचं उलटं आहे. ते कुणी उकरले नाहीत तरी आपोआप वर येतात! आम्ही चार जुने गडी कुठं लग्नाकार्यात भेटलो की एक जण म्हणतो, "तो शेठ आठवतो का रे?" आणि मग समोरचं जेवण गार होतं.

ज्यांनी आमची तालीम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जालन्याला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर ती होती. पुढं मुसाफिरांच्या तीन खोल्या, मध्ये भोजनशाळा, मागं लाल मातीचा हौदा. माझ्या आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून बांधलेली. कुस्ती, जेवण आणि मुक्काम, तिन्ही एका छपराखाली! काशीला सहा वर्षं शिकून, बी. ए. होऊन मी परत आलो आणि या तालमीचा सेक्रेटरी झालो, तेव्हा मला वाटलं, असा क्लब विलायतेतही नसेल. आजही वाटतं.

राज्य निजामाचं. आखाडा चालवायला सरकारी परवानगी लागायची, ती दर साल नवी करून घ्यायची. नाही मिळाली तर दाराला कुलूप. हा एक घोर सोडला, तर तालमीत हुकूम चालायचा तो बाळाजी वस्तादांचा. वस्ताद पिंपळगाव रेणुकाईचे. लहानपणी मेंढरं राखलेली, त्यामुळं पन्नास पोरांतलं कोणतं चुकतंय ते न मोजता कळायचं. त्यांचा नियम एकच होता. आधी घाम, मग ताट. मेंबर असो की मुसाफिर, हौद्याला त्याचा वाटा दिल्याशिवाय जेवण नाही!

*

पहिल्याच दिवशी मी पोरांपुढं भाषण केलं. देश, देह, तारुण्य, सगळं आलं त्यात. शेवटी माझा आवाजही भरून आला. वस्ताद मांडी घालून शांतपणे ऐकत होते.

"झालं का, बी. ए.?"

"झालं, वस्ताद."

"मंग घे कुदळ. इतका वेळ बोलून राह्यला, पण माती काही मऊ झाली न्हाई."

दुपारपर्यंत माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. काशीच्या सहा वर्षांत आले नव्हते ते!

*

आता तो शेठ. मुंबईचा कापसाचा दलाल. हंगामात आला आणि पुढच्या खोलीत उतरला. सकाळी खाटेवरूनच ओरडला, "नाश्ता इथंच आणा!"

भोजनशाळा गोदामावशीच्या ताब्यात. तिनं दारातून त्याच्या पोटाकडं पाहिलं. "शेठ, बैठका किती मारल्या?"

"मी गिऱ्हाईक आहे, पहेलवान नाही!"

"बराबर. पहेलवान असता तर शंभर सांगितल्या असत्या. तुम्ही धा मारा."

शेठनं बाजारात दुसरं हॉटेल शोधून पाहिलं. चहा पिऊन, तोंड वाकडं करून परत आला. मग खोलीचं दार लावून दहा बैठका मारल्या. प्रत्येक बैठकीला तो "अरे देवा" म्हणायचा, त्यामुळं मावशीला बाहेरूनच मोजता आल्या. त्या दिवशी तो पिठल्याबरोबर पाच भाकरी जेवला आणि म्हणाला, दहा वर्षांत अशी भूक लागली नव्हती.

पुढच्या हंगामात शेठ पुन्हा आला. ट्रंक उघडली, तर सगळ्यात वर लाल लंगोट!

*

आमच्याकडं पंगत एकच असायची. कोण कुणाचा ते विचारायचं नाही. एकदा एक नवे पाहुणे ताटावर बसले आणि शेजारच्या पोराकडं बघून हळूच म्हणाले, "हा कुणापैकी?"

मावशी वाढत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "सकाळी त्याच्या घामाची माती तुम्ही अंगाला फासली. तव्हा न्हाई विचारलं ते?"

पाहुण्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. मला काशीला या विषयावर दोन निबंधांना बक्षीस मिळालं होतं. दोन्हींत मिळून एवढं आलं नव्हतं.

*

लतीफ मुन्शी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. वय साठीच्या पुढं, अंग सुतळीसारखं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रमजानच्या पहिल्या दिवशी चाचा नेहमीसारखे पहाटे आले, माती उकरली, जोर मारले आणि न जेवता निघाले.

वस्ताद विचारात पडले. "घाम घेतला अन् ताट दिलं न्हाई. म्हंजे नियम आपणच मोडला की!"

"मियाँ, माझा रोजा आहे. तुमचा काय कसूर?" चाचा म्हणाले.

पण वस्तादांचं ठरलं होतं. त्या महिन्यात सकाळची पंगत बंद. सगळी तालीम सूर्य मावळल्यावर चाचांबरोबर जेवणार! गोदामावशी कुरकुरली, पण दुसऱ्या दिवशी खजूर तिनंच आणून ठेवले.

आमचा सर्वांत दांडगा आणि खादाड गडी सखाराम. चौथ्या दिवशी तो रडकुंडीला आला. "चाचा, तुम्हाला पुण्य लागंल. आम्हाला काय?"

चाचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुला भूक लागंल, बेटा. तेरे पास वही एक चीज कम थी!"

*

याच सखारामला जाफराबादच्या कुस्त्यांत वाटूरच्या एका पहेलवानानं धोबीपछाड मारून आस्मान दाखवलं. आम्ही माना खाली घालून परतलो. वस्तादांनी मात्र त्या विजयी गड्याला बरोबर आणलं होतं! चांगली खोली दिली, स्वतः अंग रगडलं, तूप-भाकर खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पहेलवान, तुमचा तो डाव आमच्या पोरांना जरा दाखवता का?"

गडी दिलदार. त्यानं सखारामला उभं केलं आणि आपटलं.

"वा! पाय कुठं ठिवला ते दिसलं न्हाई. पुन्हा एकदा."

पुन्हा आपटलं. मग "हात कसा धरला", म्हणून तिसऱ्यांदा. मग मागच्या पोरांना दिसलं नाही, म्हणून चौथ्यांदा.

सखाराम मातीतूनच हात जोडून म्हणाला, "वस्ताद, जाफराबादला एकदाच पडलो ते बरं होतं!"

*

आता शेवटचा किस्सा. यात चूक माझी होती, आधीच सांगतो.

परवानगीचा अर्ज दर साल चाचा लिहायचे. चार ओळींचा. येथे कसरत होते, जेवण होते, मुसाफिर उतरतात, मंजुरी असावी. मला त्याची लाज वाटली. एवढी थोर संस्था आणि चार ओळी! मी शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या उर्दूत चार पानं लिहिली. इथला जवान ताठ मानेनं चालतो, तो कुणापुढं वाकणार नाही, वगैरे. आणि कुणाला न विचारता तीच कचेरीत देऊन आलो.

आठव्या दिवशी सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, दारात उभे. बरोबर दोन जवान, हातात माझी चार पानं.

"इथं जमाव होतो?"

"होतो," वस्ताद म्हणाले.

"काय बोलता जमून?"

"हौद्यात बोलता येत न्हाई, साहेब. तोंडात माती जाते."

अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांनी पानं वर धरली. "ही दरख्वास्त कुणाची?"

मी पुढं झालो. तेवढ्यात चाचा माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभे राहिले.

"हुजूर, दरख्वास्त लिखना मेरा पेशा है."

"आप? मुन्शीजी, आपने लिखी? इतनी गलतियाँ?"

उभ्या जिल्ह्यात ज्यांच्या उर्दूला तोड नव्हती, त्या माणसानं मान खाली घातली. "उमर हो गई, हुजूर."

मी तोंड उघडणार, तर वस्तादांनी मागून माझं मनगट असं धरलं की आवाजच फुटेना.

अमीनसाहेब सरळ हौद्याकडं गेले. कोपऱ्यात कसरतीला फिरवायच्या थोरल्या मुद्गलांची जोडी उभी होती. सागवानी, कमरेएवढी, बुडाशी शिसं ओतलेली. अमीनसाहेबांचे डोळे चमकले. "आखाड्यात हत्यारं! हत्यारं सापडली तर परवानगी रद्द, माहीत आहे ना? पंचनामा लिहा. आणि ही दोन्ही बाहेर गाडीत टाका."

एका जवानानं एका मुद्गलाला हात घातला. मुद्गल हललं नाही. दुसरा मदतीला आला. दोघांनी मिळून ते वीतभर उचललं आणि पायावर पडता पडता सोडलं. पोरं हसू आवरत उभी होती. वस्तादांनी नजरेनंच सगळ्यांना दाबून धरलं होतं.

लतीफचाचांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. अंगरख्याच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हातांत दोन मुद्गलं घेतली, आदबीनं डाव्या-उजव्या खांद्यावर ठेवली आणि अमीनसाहेबांपुढं जाऊन उभे राहिले. श्वाससुद्धा लागला नव्हता.

"किधर रखूँ, हुजूर?"

अमीनसाहेबांनी चाचांकडं पाहिलं. मग आपल्या दोन जवानांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जहाँ थे, वहीं रख दीजिए."

पंचनामा लिहिणाऱ्या जवानानं घाम पुसत विचारलं, "हुजूर, हत्यारांच्या रकान्यात काय लिहू?"

"तुझसे उठा?"

"नाही, हुजूर."

"तो लिख, लकडी. दो नग."