न मोजलेली घोंगडी

माझा धंदा दुकानांत बिलिंग मशीन बसवायचा, आणि स्वभाव असा की आकड्यात कुणी गडबड केली की माझं डोकंच फिरतं. बजाजनगरात मी किराणा, कपडा, चप्पल, औषधं अशी कैक दुकानं मशीनवर आणली. दुकानदार रडतात, भांडतात, शेवटी माझंच ऐकतात. सुगंधामावशींनी मात्र माझं ऐकलं नाही. त्यांचंच बरोबर होतं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

मावशी पिशोरकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. त्या आणि त्यांचे यजमान मल्हारीबाबा मिळून शंभरावर मेंढरं राखायचे. शंभरावर म्हणजे नेमकी किती, असं मी एकदा विचारलं.

"मोजतंय कोण?" मावशी म्हणाल्या. "एकेकीचं तोंड ठावं व्हतं मला."

आणि ही बढाई नव्हती. संध्याकाळी कळप वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, परतला की नुसती नजर फिरवून त्या सांगायच्या, कानाला चीर असलेली अजून आली नाय. बारा-तेरा सालच्या दुष्काळात चाराही संपला आणि पाणीही. कळप विकावा लागला. मल्हारीबाबा वाळूजच्या एका कंपनीत वॉचमन झाले, मावशींनी बजाजनगरात घोंगड्यांचं दुकान टाकलं. पिशोरला त्यांचे भाऊ कडुबा मागावर घोंगड्या विणायचे आणि एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. कंपन्यांच्या वस्तीत घोंगडी घेणार कोण, म्हणून शेजारचे हसले. पण तिथली निम्मी माणसं गाव सोडून आलेली. लोकरीचा वास आला की त्यांची पावलं आपोआप थांबायची. दुकान चाललं.

मावशींची सून अंबिका बारावी झालेली, मोठी चुणचुणीत. तिने घोंगड्यांचे फोटो काढून नेटवर दुसरं दुकान मांडलं. तिथूनच घोळ सुरू झाला. इकडे मावशी काउंटरवर शेवटची पांढरी घोंगडी विकून मोकळ्या व्हायच्या, तिकडे नेटवर ती तशीच दिसायची आणि नाशकाहून कुणीतरी पैसे भरून बसायचं. दोनदा माफी मागून झाल्यावर अंबिकाने मला बोलावलं. दोन्ही दुकानांचा माल एकाच हिशेबात आणायचा, एवढंच काम.

मी काउंटरवर मशीन बसवलं, समोरच्या प्रत्येक घोंगडीला बारकोडची पट्टी चिकटवली आणि मालाचा आकडा भरायला बसलो.

"मावशी, काळ्या किती?"

"अकरा."

मी मोजल्या. बारा भरल्या. बारावी वरच्या फळीवर, धुतल्या कापडात गुंडाळलेली.

"बारा आहेत."

"अकराच लिव्हा, रामप्रसादभाऊ. ती देवाची हाय. ती मोजत नसत्यात."

"अहो मावशी, देवाला बिल लागत नाही, पण मशीनला आकडा खरा लागतो."

"मंग मशीनला सांगा, अकरा खरं हाय."

नजर लागते, मोजलं की बरकत जाते, असलं काहीतरी यांच्या डोक्यात असणार, असं मी धरून चाललो. मावशी चहा सांगायला बाहेर गेल्या आणि मी रागाच्या भरात बारा लिहून टाकले. बाराव्या घोंगडीला मी पट्टी चिकटवलीच नाही. म्हटलं, त्यांना कळणारच नाही.

मग जोडणी झाली ते दाखवायची वेळ आली. अंबिका फोन घेऊन रस्त्यापलीकडे उभी राहिली. मी एक पांढरी घोंगडी मशीनसमोर धरली, 'टिक' झालं आणि पलीकडून अंबिका ओरडली, "आत्याबाई, एक कमी झाली!"

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "म्हंजी म्या हितं उचलली अन् साऱ्या मुलखाला कळलं?"

"हो."

"परत करा बरं."

मी तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्या हसल्या. "वाड्यातलं एक मेंढरू भाईर गेलं की साऱ्या कळपाला कळायचं. तसंच हाय की हे." वीस वर्षं मी हे मशीन लोकांना समजावून सांगतोय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. मी थक्क झालो. तरी रागाने लिहिलेले बारा काही खोडले नाहीत.

एकोणीसचा उन्हाळा आला. पिशोरला टँकर सुरू झाले, मेंढपाळ कळप घेऊन पाण्याच्या मागे लांब निघून गेले. लोकर येईना, कडुबांनी माग गुंडाळून ठेवला. बजाजनगरातही आठ-आठ दिवसांनी नळ यायचा आणि आमचं शहर मात्र माळरानांवर नवे प्लॉट पाडत चाललं होतं. मावशींच्या फळ्या एकेक करून रिकाम्या झाल्या. एके सकाळी अंबिकाचा फोन आला.

"दादा, तुमचं मशीन खोटं बोलू राहिलं. दुकानात विकायला एक बी घोंगडी नाय, अन् नेटवर काळी एक दिसत व्हती. ती कुणीतरी घेतली बी."

मी हातातलं काम टाकलं. गाडी काढून गेलो. मावशी काउंटरमागे बसल्या होत्या. मी मान खाली घालून सांगितलं, की तो बारावा आकडा माझा आहे. वर जोडलं, "काळजी नका करू. ऑर्डर रद्द करायचं बटण असतं. पैसे परत, विषय संपला."

मावशी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी मागितली?"

अंबिकाने फोनवरचा मजकूर वाचला. हैदराबादहून गोकुळ नावाच्या माणसाने लिहिलं होतं: 'आमच्यात बाळाला पहिल्यांदा भुईवर ठेवतात ते काळ्या घोंगडीवर. रविवारी बारसं आहे. इथे कुठेच मिळाली नाही. कृपया वेळेत पाठवा.'

अंबिका माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, कळप विकला तवा आत्याबाईंनी एक मेंढी ठिवली व्हती. देवाची. ती म्हातारी होऊन मेली. तिच्याच लोकरीची हाय ती. त्या कळपातलं तेवढंच उरलं."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "मावशी, नका देऊ. चूक माझी आहे. मी त्यांना फोन करतो, हात जोडतो."

"अन् लेकरू काय फरशीवर ठिवायचं?" मावशी स्टुलावर चढल्या. गाठोडं खाली घेतलं, कापड सोडलं आणि घोंगडीत तोंड खुपसून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मान वर केली तेव्हा डोळे भरून वाहत होते. पण आवाज खणखणीत होता.

"कळपात एक मेंढरू कामून मोजत नाय, ठाव हाय का भाऊ? मोजलं की माणूस त्याला आपलं म्हनतो. न मोजलेलं देवाचं. आन् देव काय मेंढरं राखतो व्हय? ज्याचा कळप मेला, त्याला ते द्यायचं, पुन्हा उभं ऱ्हायला. देवाचं म्हंजी अडलेल्याचं." त्यांनी घोंगडीची घडी घातली. "मला वाटलं व्हतं, ही माझ्या संगं जाईल. मीच इसरले व्हते, ती कशापायी ठिवली ते."

पार्सल मी स्वतः कुरियरच्या ऑफिसात नेऊन दिलं. वाटेत मला माझंच ट्रेनिंग आठवलं. दोन दुकानं जोडली की एखादा नग नेटवर दाखवायचाच नाही, हाताशी ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी कुणाला तोंडघशी पडावं लागत नाही. हे मला एसी हॉलमध्ये बसवून शिकवलं होतं, आणि मी ते कधी केलं नाही. पिशोरच्या माळावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

सोमवारी फोटो आला. मावशींनी आधी घोंगडीचा काठ पाहिला, मग बाळ पाहिलं आणि फोन कितीतरी वेळ हातात धरून बसल्या.

पुढच्या वर्षी लोकर आली, कडुबांचा माग सुरू झाला, पहिलं गाठोडं बजाजनगरात उतरलं. मी आकडा भरायला गेलो तेव्हा मावशी वरच्या फळीवर धुतलं कापड नीट करत होत्या.

"मावशी, काळ्या किती?"

"नऊ."

समोर दहा होत्या. मी नऊ लिहिले.