रिकामी भट्टी

वहिनीच्या विजेच्या भट्टीला डोळा लावण्याएवढं एक भोक आहे. काल त्यातून पाहिलं, तर आत एकही भांडं नव्हतं. नुसती कॉइल लालभडक तापली होती.

दादाला जाऊन महिना झाला. "वहिनी, कामाला लाग, मन रमेल," हे माझं टुमणं तेव्हापासून चालू आहे. भट्टी लावलेली पाहून मला बरं वाटलं होतं.

"अगं, रिकामीच?" मी विचारलं.

"गेल्या वेळी धुराची होती ना," ती म्हणाली.

ही धुराची हौस दादानंच पुरवलेली. भट्टीच्या तळाला भोक पाडून त्यानं गॅसची नळी बसवून दिली होती. आतली हवा सरून धूर कोंडला, की मातीच्या भांड्यावरचं तांब्याचं ग्लेझ, तो काचेसारखा लेप, एरवी हिरवं होतं ते लाल उतरतं. पण तोच धूर कॉइलला जपणारा वरचा पापुद्रा खातो. मग भट्टी एकदा रिकामी, मोकळ्या हवेत तापवायची, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरतो. "लगेच भरलीस तर कॉइल तुटेल," दादा बजावायचा.

त्या धुरातला लाल वाडगा खिडकीत होता. तो भट्टीतून निघाला, तेव्हा दादा नव्हता.

माणसाला आपण असं रिकामं तापू देत नाही. तेरावा उरकला, की त्याच्यात काहीतरी भरायची आपल्याला घाई.

"किती वेळ लागतो गं पापुद्रा धरायला?"

भट्टीवरची नजर न काढता वहिनी म्हणाली, "कॉइलला ना? एक दिवस पुरतो."