सोमवारची सुई

आमच्या जांबोटीत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला येणाऱ्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या डोसाला ते नेमके सोमवारी उगवले.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलजोडी सकाळीच रानात हाकलली. "बसवण्णाच्या वारी सुई टोचायची व्हय? एकदा टोचलीया नव्हं!" लसवाले बर्फाचा डबा उचलून परतीच्या बसनं गेले. पुन्हा फिरकले म्हणून नाहीत.

आणि मी बेंगळुरूत काय करते? जनावरांच्या लशीच बनवते! पहिल्या सुईनं अंगात प्रतिपिंडं तयार होतात, म्हणजे रोगाशी झुंजणारी माणसंच म्हणा, पण ती थोडी असतात आणि लवकर ओसरतात. दुसरी सुई त्यांना जोर देते. हा जोर एकाच सुईत यावा म्हणून आम्ही लशीत तेल घोटतो, ती अंगात सावकाश पाझरावी म्हणून धडपडतो. आणि इथं माझ्याच बापानं दुसरी सुई रानात पळवून लावली. फोनवर कळलं तेव्हा मी लॅबमध्येच ओरडले, "आप्पा, अक्कल गहाण टाकलीसा काय?"

"तू हितं न्हाईस. गप बस," म्हणाले आणि फोन ठेवला.

भाताच्या चिखलणीच्या तोंडावर पांढऱ्या बैलाला लाळ सुटली. मी गावी पोचले तर आप्पा त्याचे फुटलेले खूर औषधाच्या पाण्यानं धूत बसलेले. बैल पाय टेकवेना. गोठ्यातून बाहेर काढला तर गुडघ्यांवरच बसला. माझं डोकं सणकलं. आप्पांवर राग, वार न विचारता येणाऱ्यांवर राग आणि आम्हा लॅबवाल्यांवर तर लईच. मीटिंगमध्ये प्रतिपिंडांचा आलेख वर गेला की टाळ्या पिटतो. दोन सुयांच्या मधे गावात काय घडतं, हे एकानंही कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर इथलीच!

ताप उतरवायचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले. आप्पांनी स्वतः शिंगं धरली.

"आज सोमवार हाय," मी खोचकपणे म्हणाले.

"म्हायती हाय मला!" ते खेकसले. "टोचा हो तुम्ही."

सुई गेली. पलीकडं तांबडा बैल उभा होता. त्याच्याकडं बघत आप्पा म्हणाले, "ह्याला तरी तुझी ती एका सुईची लस दे गं. सोमवारी दे, आवसंला दे, कवाबी दे."

"आप्पा, ती अजून उंदरांवरच हाय."

"मग इतकी वर्सं करतीस काय तिथं?"

मी तांबड्याजवळ गेले. त्यानं समोरच्या वैरणीला तोंड लावलं नव्हतं. त्याच्या ओठाला लाळेची तार लोंबत होती.