तेरा, पुढचं, पंधरा

तुमच्या या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का, निम्म्यावर आले की हसू येतं. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... माझं सगळं आयुष्य अकोला-अमरावतीत गेलं, कितीतरी वर्षं एकटीनं काढली, स्मशानाच्या वाटेवरून दळण आणलं. मला कधी कोणी आडवं आलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंतच, पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण एक गोष्ट आहे. ती मला दिसली नाही, आणि गंमत म्हणजे मला ऐकूही आली नाही. तरी ती माझीच आहे, म्हणून लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, नागपूर राजधानी. मी सतरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. माहेर अमरावतीचं, पण नावापुरतं. आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, आणि त्या घरात माझ्या अंथरुणाची जागा कधीच भरून गेली होती. सासर अकोल्याला, जुन्या शहरात. सासरे कोर्टात कारकून. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला मामीजी म्हणतात. माझे यजमान बाळापूरला मास्तर होते — शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे.

चैत्रात माळ्यावरून गाईसाठी सरकीचं पोतं उतरवताना शिडी सरकली. उजव्या पायाचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. आषाढात काढलं तेव्हा हाड छान जुळलेलं, पण गुडघा म्हणजे निव्वळ लाकूड! डॉक्टर भले होते. म्हणाले, "हाडाचं काम झालं. आता रोज गुडघा वाकवत जा." वाकवत जा... पण कसा? आता फोन केला की फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते. तेव्हा तो शब्दसुद्धा कोणाला ठाऊक नव्हता.

तुम्ही म्हणाल, चालता येत होतं ना, मग झालं. पण त्या काळी अख्खं घर जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, जेवणाचा पाट जमिनीवर. मांडी घालता येत नाही ती सून काय कामाची? मामीजी लेकीच्या बाळंतपणासाठी अचलपूरला निघाल्या, तेव्हा दमणीत चढता चढता सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कार्तिक पुनवेले आपल्या घरी सत्यनारायण हाये. माह्या पोराच्या बाजूनं जे मांडी घालून पाटावर बसन, ते माही सून." बैल हलले. मी उंबऱ्यात पाय लांब करून बसले होते, तशीच राहिले.

दुसरी आणायची त्यांची तयारी होती. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती.

मग मी आणि दुपार. सकाळी स्वयंपाकाची बाई येऊन जायची, मामाजी दहाला कोर्टात. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या घरात माझ्या आवाजाखेरीज आवाज नाही, आणि मी तरी कोणाशी बोलणार? कधी कधी गाईशी बोलायची.

मामीजी गेल्यानंतर देवाची फुलं गेंदाबाई द्यायला लागली. जातीची माळीण, साठीची, हाताचे पंजे पुरुषासारखे. एकदा तिनं मला पाय ओढत परडी घ्यायला येताना पाहिलं.

"काय झालं व माय, सूनबाई?"

सांगितलं.

"पाय वाकत नाई, का तू वाकवत नाई?"

"दुखतो हो, गेंदाबाई."

"दुखते म्हणजे जितं हाये. दुखाचं बंद झालं असतं तं मी रडली असती. लेट बाजीवर. पालथी."

त्या दिवसापासून फुलं विकून झाली की भर दुपारी ती यायची. आधी तापल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक, मग जवसाचं तेल, मग खरा छळ. मला बाजेवर पालथं घालायची, घोट्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तिचं टोक माझ्या खांद्यावरून माझ्याच हातात द्यायची. "ओढ. मी नाई ओढणार. आपला पाय आपुनच ओढाव." टाच किती जवळ आली ते ती स्वतःच्या बोटांनी मोजायची. "काल पंधरा बोटं होती, आज चौ... एक बोट कमी झालं." कधी दोन कमी व्हायची, कधी एकही नाही.

आणि मोजायची ती! जन्मभर खळ्यावर धान्य मोजलेली बाई. माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तर माझा गुडघाही ती तसाच मोजायची — लाभ, दोन, तीन... वीसापर्यंत. फक्त तेराच्या पुढे म्हणायची, "पुढचं". तेरा, पुढचं, पंधरा. मी एकदा चिडवलं, "गेंदाबाई, तुम्हाला चौदा येत नाही वाटतं?" ती तेलाचे हात पुसत राहिली. मग म्हणाली, "माही पोरगी चौदाची होती. मंग तो आकडा तोंडून निंगत नाई. कोणाले सांगू नको." मी कोणाला सांगणार होते? होतं कोण?

भाद्रपद सरता सरता तिला ताप आला. चार दिवस फुलं आली नाहीत. पाचव्या दिवशी तिची सून परडी घेऊन आली, दारातच म्हणाली, "बुढी गेली, मंगळवारी." आणि पुढच्या घरी निघून गेली. मांडी घालायला अजून सात बोटं बाकी होती.

मग मी एकटीच करू लागले. पट्टी होती, तेल होतं. वाळू मी चुलीपाशी पाय लांब करून बसून तापवायची. मोजत मात्र नव्हते — तोंड मोकळं सोडलं की कळ सहन होईना, ओरडा निघायचा. म्हणून पदराचा बोळा दातांत धरायची आणि ओढायची. किती वेळा ओढलं ते मला कळायचंही नाही. घामानं बाज भिजली की थांबायचं. डोळ्यांत पाणी असायचं ते दुखण्याचं होतं का त्या रिकाम्या दुपारींचं, आता सांगता येणार नाही.

दसरा झाला आणि मामीजी परतल्या. माझ्याशी बेताचंच बोलायच्या. दुपारी माजघरात आडव्या व्हायच्या, मी माझ्या खोलीत दार लोटून. चौथ्या का पाचव्या दिवशी त्यांनी दार ढकललं.

"कोन आली होती व?"

"कोणी नाही, मामीजी."

"मंग मोजून कोन राहिली होती?"

मी दातांतला पदर काढला. म्हटलं, "कोण काय मोजत होतं?"

"लाभ, दोन, तीन... म्हातारी बाई हाये कोनी. आन् तेराच्या मांगून 'पुढचं' काहून म्हंते ते? चौदा येत नाई का तिले?"

मामीजी अचलपूरला असताना गेंदाबाई येत होती, आणि त्या परत आल्या त्याआधीच ती गेली होती. "पुढचं" ही गोष्ट त्या घरात मला एकटीला ठाऊक. खिडकीपलीकडे गाईचा गोठा, तिथे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी गेंदाबाईच्या सुनेला विचारलं, तर म्हणाली, "दुपारी मी मळ्यात असतो माय, मले कोठचा टाइम?" माझ्या तोंडात तर पदराचा बोळा.

मामीजी घाबरतील, मांत्रिक आणतील असं वाटलं होतं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. रोज दुपारी माझ्या दाराशी पाटावर निवडायचं सूप घेऊन बसू लागल्या. आत मी ओढतेय, बाहेर त्या ऐकताहेत. संपलं की हजेरी — "आज सोळालेच थांबली ते. कसर केली का व तू?" कधी म्हणायच्या, "आज लई खुशीत होती. बोटं कमी झाली असतीन, पाह्य बरं." मी बोटांनी मोजायची, तर खरंच कमी! एकदा मी रडून म्हटलं, "मामीजी, मला का नाही ऐकू येत?" त्या तुरीतले खडे काढत म्हणाल्या, "तुले काहून ऐकू येईन? तुह्यं ध्यान पायात. ऐकाले मी हावो ना." त्या घरात आल्यापासून माझ्याशी बोललेलं ते पहिलं मऊ वाक्य.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी टाच लागली. मी बाजेवरून उतरले, भिंतीला धरून खाली बसले, आणि गुडघा कडकड वाजत वाजत वळला. मांडी! मी हाक मारणार तेवढ्यात मामीजीच आत आल्या. हातातलं सूप तिरकं झालेलं, तूर जमिनीवर सांडत होती, त्यांचं लक्षही नव्हतं.

"म्हणली व ते," म्हणाल्या.

"काय म्हणाली?"

"चौदा."

मग वीसापर्यंत मोजून ती गप झाली, असं त्यांनी सांगितलं. चौदाचं कारण मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांशेजारी पाटावर मी बसले, कथा संपेस्तोवर.

त्यानंतर मामीजींना पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

मी खूप विचार केला. मामीजींनी रचलं म्हणावं, तर "पुढचं" त्यांना कळलं कसं? माझंच मन म्हणावं, तर मी ऐकलंच नाही. डॉक्टर नातवाला विचारलं, त्याने "स्ट्रेस" असा काहीतरी शब्द सांगितला. पण स्ट्रेस मला होता, ऐकू त्यांना आलं!

आता अमरावतीत राहते. मामीजी गेल्या, हे गेले, मुलं परदेशी. दोन्ही गुडघे गेलेत. ती गोड मुलगी सोमवारी-गुरुवारी येते, वन-टू-थ्री मोजते, एक्सरसाइजचा कागद भिंतीला चिकटवून जाते. बाकीचे दिवस मी एकटीच करते, भर दुपारी, दार लोटून. तेरा झाले की थांबते, कान देते. काही नाही. मला तेव्हाही ऐकू येत नव्हतंच...

पण दाराबाहेर ऐकू येत असेलही. सूप घेऊन बसायला तिथे आता कोणी नाही, एवढंच.