थांबण्याचं कारण

"सकाळी पाणी पीत नाही. अकरापर्यंत जायला जागा नसते."

हे वाक्य माझं. माझ्या वहीतलं, सातव्या दिवसाचं. मरोळच्या एका काचेच्या खोलीत ते पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून भिंतीला चिकटवलं होतं आणि कौस्तुभ नावाचा माणूस ते मोठ्याने वाचत होता. हेल काढून वाचत होता. आमच्या वस्तीतल्या बायका बोलतात असं त्याला वाटतं, तसं. समोर दहा-बारा जण बसलेले. ते हसले. एकाच्या हातात कॉफी होती. त्याने कप आधी खाली ठेवला आणि मग हसला.

वह्यांतून काय निघालं ते बघायला सायलीने मला बोलावलं होतं. मी दाराजवळ उभी होते. खुर्च्या संपल्या होत्या.

वहीवर नाव नव्हतं, नुसता चार नंबर होता. चार नंबर म्हणजे मी, हे त्या खोलीत एकट्या तिलाच माहीत होतं. ती लॅपटॉपकडे बघत बसली.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला पहिलं घर, अकराला शेवटचं. उपाशीपोटी द्यायची सँपल असतात, उशीर चालत नाही. आमच्या लॅबने आम्हा फिरणाऱ्यांसाठी ॲप बनवायला दिलं होतं, ते या मरोळच्या कंपनीला. आणि ॲप बनवण्याआधी आमचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचं म्हणून सायलीने आम्हा बारा जणांना एकेक वही दिली होती. चौदा दिवस रोज लिहायचं. कुठे गेलात, कुठे अडलात, काय वाटलं.

"यात चूक-बरोबर काही नाही, ताई," ती म्हणाली होती. "मनात येईल ते लिहा. हे आमच्या टीमपुरतंच राहील. तुमच्या ऑफिसला काही कळणार नाही."

मला तेव्हाच खटकलं होतं. फुकटात आपलं मन कोण ऐकतं?

बाबा भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात होते. आता तिथे टॉवर आहे. खात्याच्या दाराशी मुकादम वही घेऊन बसायचा. कुणी संडासला गेलं, तो वेळ लिहायचा. आलं, वेळ लिहायचा. महिन्याच्या शेवटी ती वही वर जायची आणि वरून कुणाला तरी बोलावणं यायचं. बाबा सातवी शिकलेले. पण मला एक गोष्ट त्यांनी पक्की शिकवली. कंपनीचा कागद आला की आधी मागचं पान वाचायचं. पुढच्या पानावर गोड लिहितात.

म्हणून मी सायलीच्या संमतीपत्राचं मागचं पान वाचलं. बारीक अक्षरातलं, शेवटपर्यंत. मग सही केली.

आणि तरी फसले.

का फसले ते खरं सांगते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पार्ल्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. माझं अक्षर चांगलं आहे, मला ते माहीत आहे. दोन दिवसांनी सायलीने वही चाळली आणि म्हणाली, "किती छान लिहिता तुम्ही. बाकीचे असं लिहीतच नाहीत." झालं. मी फुलले. रोज दोन-दोन पानं लिहायला लागले. आम्ही लॅबवाले प्रत्येक ट्यूबवर नमुना घेतल्याची वेळ लिहितो. त्याच सवयीने मी वहीतही वेळा घातल्या. ७.४०, सोसायटीच्या वॉचमनने लिफ्ट वापरू दिली नाही, सात मजले चढले, वर पोचल्यावर माझाच हात थरथरत होता, शीर सापडायला वेळ लागला. ९.१५, फिलूआजींकडे थांबले, बारा मिनिटं.

फिलूआजी मरोळच्या गावठाणात राहतात. जुनं कौलारू घर, दारात क्रूस, मागे मोरी. त्यांची साखर दर आठवड्याला बघायची असते. एकदा त्यांनी माझा चेहरा बघितला आणि आपणहून म्हणाल्या, "पोरी, मागं जाऊन ये. किती वेळ दाबून धरशील?" त्या दिवसापासून माझ्या सकाळच्या फेरीत जायला हक्काची एक जागा झाली. सगळ्या अंधेरीत एक.

तेही मी लिहिलं. प्रेमाने लिहिलं. कुणीतरी वाचेल आणि ॲपमध्ये आमच्यासाठी काहीतरी करेल, असं वाटलं. जवळचं शौचालय दाखवेल. फेरीत पंधरा मिनिटं मोकळी सोडेल. सायलीच म्हणाली होती, असं काहीतरी करता येईल.

तर ती काचेची खोली. चिठ्ठ्यांच्या बाजूला एक मोठा कागद लावला होता. त्यावर एका हसणाऱ्या बाईचा फोटो, कुठून तरी उचललेला. खाली लिहिलेलं: मीना. वय तीस. शिक्षण दहावी. मोबाइलची फारशी समज नाही. कामात वारंवार थांबते. आणि माझी वाक्यं तिच्या तोंडी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बी.एस्सी. आहे."

सगळे वळले. कौस्तुभ हसून म्हणाला, "अगं, ती तू नाहीस. सगळ्यांची मिळून एक बनवलीय. टाइप असतो तो." त्या खोलीत तो एकटाच मला पहिल्या भेटीपासून अगं-तुगं करत होता. त्याच्याच वयाच्या सायलीला मात्र तो 'सायली, प्लीज' म्हणायचा.

मी गप्प बसले. ते हसले याहून माझं गप्प बसणं मला जास्त लागलं. आजही लागतं.

बाहेर सायली लिफ्टपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मला वह्या नीट वाचायला आठवडा हवा होता, ताई. त्यांनी एक दुपार दिली." त्यांचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालतं, त्याला ते स्प्रिंट म्हणतात. दर दोन आठवड्यांनी ॲपमध्ये नवीन काहीतरी दिसलंच पाहिजे. माझे चौदा दिवस त्यांनी एका दुपारी कापून भिंतीला लावले. जे पटकन बनवता येईल तेवढं उचललं.

दोन आठवड्यांनी ॲपमध्ये नवीन आलं.

एका जागी दहा मिनिटांच्या वर थांबलं की फोन थरथरायचा. लाल चौकट यायची. 'थांबण्याचं कारण लिहा.' लिहिल्याशिवाय पुढचा पत्ता उघडायचा नाही.

हे माझ्याच वहीतून आलंय, हे मला लगेच कळलं नाही. फिलूआजींनी कळवलं. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. फोन पुढे केला. "हे काय आलंय बघ. मला चष्म्यातनं धड दिसत नाय, पण मुलाने वाचून दाखवलं." लॅबचा मेसेज होता. 'आमचे कर्मचारी नमुना घेण्याव्यतिरिक्त आपल्या घरातील सुविधा वापरत असल्यास कृपया कळवा.'

"तुला मी काय बोलले होते?" आजी म्हणाल्या. "मोरी वापर, कुणाला सांगायची गरज नाय. कुणाला सांगितलंस?"

"लिहिलं, आजी."

"का?"

मी पट्टा बांधला, सुई घातली, दोन ट्यूब भरल्या. निघताना त्या हळूच म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, भानगड नको." मोरीचं दार त्या दिवशी बंद होतं.

सेंटरवर संदीप भेटला. आमच्यात सगळ्यात जुना. त्याच्याही फोनवर लाल चौकट, सगळ्यांच्याच फोनवर. त्याने सरळ विचारलं, "वहीत थांबल्याची मिनिटं कुणी लिहिली होती?"

"मी."

"मी चौदा दिवस 'ठीक' लिहिलं," तो म्हणाला. "रोज. ठीक, ठीक, ठीक. तू कॉलेजला गेलीस ना, तुला लिहिता येतं."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता. मला तिथे उभ्याउभ्या बाबांचा मुकादम दिसला. बाबांच्या वेळी वही त्याला भरावी लागायची. माझ्या वेळी मीच सुंदर अक्षरात भरून दिली.

आठवड्याभरात सायलीचा फोन. दुसरी फेरी, नवीन वही. आता विषय 'थांबे'. मी म्हटलं, येते.

तीच काचेची खोली. या वेळी मी खुर्चीवर बसले. टेबलावर नवी कोरी वही होती, शेजारी माझी जुनी. चार नंबर. वरच्या पानावर कपाचा गोल डाग.

मी नवीन वही सरकवून दिली आणि जुनी उचलली. बॅगेत टाकली.

"ती ठेवावी लागेल," कौस्तुभ म्हणाला. "आमचा डेटा आहे तो."

"मागचं पान वाचलंत?" मी संमतीपत्र काढलं, माझी प्रत. "सहावा मुद्दा. मी कधीही माघार घेऊ शकते. माझं लिखाण मला परत मिळेल. खाली तुमचीच सही आहे."

त्याने कागद घेतला. तो पहिल्यांदाच वाचत होता, हे दिसत होतं.

"यार, साधी डायरी आहे," तो म्हणाला. "एवढं काय पर्सनल घेतेस? आणि फीचर लाइव्ह गेलंय. वही नेऊन काय बदलणार?"

"काही नाही," मी म्हटलं. "पण यापुढे हेल काढून वाचायला ती तुमच्याकडे नसेल. आणि भिंतीवर माझं जे आहे तेही द्या."

कुणी उठलं नाही. मग सायली उठली. एकेक पिवळी चिठ्ठी काढत गेली. सतरा निघाल्या. तिने त्या माझ्या हातात दिल्या. तिच्याबद्दल माझ्या मनात राग आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. विश्वास मात्र नाही.

लाल चौकट गेली नाही. फिलूआजींची मोरी परत मिळाली नाही. लॅबच्या मॅनेजरने मला बोलावून विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. मी म्हटलं, आहे, लिहून देईन, पण आम्ही बारा जण मिळून, आणि त्याचं तुम्ही काय करणार ते आधी तुमच्या अक्षरात द्या. अजून दिलेलं नाही. माझी नोकरी पुढच्या महिन्यात असेल का, माहीत नाही.

पण सकाळी निघताना मी आता तांब्याभर पाणी पिते. पूर्ण. आणि लागेल तिथे थांबते. पेट्रोल पंपावर, हॉटेलात, सोसायटीत वॉचमनशी भांडून. फोन थरथरतो. थांबण्याचं कारण लिहा.

मी लिहिते: लघवी.

वेळ घालून लिहिते. ८.१०, लघवी. १०.०५, लघवी. परवा संदीपने फोन दाखवला. 'ठीक' लिहिणारा माणूस. त्यानेही तेच लिहिलं होतं.

त्या काचेच्या खोलीत कुणीतरी हे वाचणारच आहे. मोठ्याने वाचू दे. लाल चौकट आहे तोवर मी लिहिणार आहे, त्यांना रोज वाचावं लागेल.