सांगवीच्या शंकररावांची बुटकी रेसर

हॅकसॉचं पातं नळीवर टेकलं आणि माझा हात तिथंच थांबला.

"काप ना मियाँ," रहीमचाचा म्हणाले. "तिची परवानगी मागतोस का?"

"चाचा, इंग्लिश फ्रेम आहे."

"म्हणूनच सांगतो, सरळ काप. आणि ऐक बबन, बिघडली तर परभणीची गाडी पकडायची. मग इथं थांबायचं नाही."

चाचा हे चेष्टेत म्हणाले की खरं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मी खरंच धरलं. परभणीकडच्या गावात सातवीत शाळा सुटली, दोन-तीन गावं फिरलो, आणि विशी ओलांडल्यावर दापोडीत चाचांच्या सायकलच्या दुकानात टेकलो. झोपायला दुकानाचा माळा, जेवायला त्यांच्या घरचं ताट. ईदला मला नवा शर्ट आणि दिवाळीला पुन्हा नवा शर्ट. एवढं मिळाल्यावर माणूस निर्धास्त व्हायला पाहिजे. माझं उलटं झालं. आता हे जाईल, या भीतीनं मी रोज उठायचो.

फ्रेम म्हणजे सायकलचा सांगाडा, चाकं आणि हँडल सोडून उरतं ते. तिचं माप सीटच्या नळीवर धरतात. आपली काळी दणकट सायकल बावीस किंवा चोवीस इंची. बुटक्या माणसाला तीच घ्यावी लागायची. मग तो आयुष्यभर फ्रेमच्या मधून पाय घालून कैची मारायचा, नाहीतर सीटवर बसून कंबर हलवायचा.

सांगवीचे शंकरराव दुसऱ्या प्रकारातले. पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉप खात्यात होते. पॅडल मारताना कंबर अशी डावी-उजवी जायची, की मागून येणाऱ्याला वाटावं लेझीम चाललंय. त्या वर्षी कंपनीनं कामगारांची सायकल रेस ठेवली. नाशिक फाट्यावरून चाकण, तिथं एक ड्रम ठेवलेला, त्याला वळसा घालून परत. शंकररावांनी नाव दिलं तेव्हा मशीन शॉपचा उंचापुरा जाधव सगळ्या कँटीनसमोर म्हणाला, "शंकर, चढायला शिडी आणू का कंपनीतनं?"

शंकरराव तसेच आमच्या दुकानात आले. "चाचा, मला रेसर पाहिजे. माझ्या मापाची. पाय टेकले पाहिजेत, राव!"

चाचांनी खडकीच्या लष्करी लिलावातून एक जुनी इंग्रजी रेसर आणलेली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकडं हँडल, उचलली तर कोंबडीएवढी हलकी. तिला ते कुणाला हातही लावू देत नसत. त्यांनी शंकररावांकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बबन कापेल."

मी दचकलो. आणि खोटं कशाला बोलू, गुदगुल्याही झाल्या.

माप घ्यायची आमची एक रीत होती. दुकानाच्या चौकटीला पाठ लावून गिऱ्हाईक उभं करायचं आणि मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. आमची सगळी गिऱ्हाइकं कंपनीवाली. शिफ्ट सुटली की घरी जाता जाता थांबायची. शंकररावही तसेच उभे राहिले. टेप मी धरली, आकडा चाचांनी वाचला, मान शंकररावांनी डोलावली.

मग मी कापली. नुसती सीटची नळी कापून भागत नाही. हँडलखालची पुढची नळीही तेवढीच कमी करावी लागते, नाहीतर सायकल नाक वर करून बसते. नळ्या ज्या लोखंडी टोप्यांमध्ये बसतात त्यांना लग म्हणतात. लग तापवायचा, आतलं पितळ वितळलं की नळी ओढून काढायची, कापायची, पितळ नीट पसरावं म्हणून टाकणखार लावून पुन्हा पितळेनं झाळायची. आच जास्त झाली तर नळी जळते. कमी झाली तर पितळ नुसतं वर बसतं, आणि सायकल एक दिवस माणसाला घेऊन उघडते. मी ज्योतीकडे बघत होतो आणि मनात परभणी स्टेशन दिसत होतं.

पण जमलं. इतकं जमलं, की पुढच्या नळीवर वरचा लग आणि खालचा लग एकमेकांना शिवले. याहून लहान फ्रेम होऊच शकत नव्हती. चाचांनी सांध्यावर नख फिरवलं, "हं" म्हणाले आणि चहा सांगितला. चाचांचं "हं" म्हणजे दुसऱ्याचा सत्कार.

शंकरराव शिफ्टवरून आले, बसले, आणि सरळ पुलापर्यंत जाऊन उतरले. सायकल हातानं फिरवून परत आले. कंबर एकदम स्थिर! "बबन भावा," ते ओरडले, "पाय पुरतात! दोन्ही!" त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. उचलता आलं नाही, मग मीच त्यांना उचललं. लोक बघायला थांबले.

आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. रेस गुरुवारी सकाळी होती. बुधवारी संध्याकाळी शंकरराव घरी जाऊन, अंघोळ करून, नवे कॅनव्हासचे बूट घालून आले. शेवटची चक्कर बघायला बायकोला, हिरावहिनींना, सोबत आणलं होतं. वहिनी त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच. रंगानं लालचुटूक केलेली सायकल मी ऐटीत बाहेर काढली.

शंकरराव बसले. आणि त्यांचा पाय पॅडलवर टेकेना.

पॅडल खाली गेलं की पाय वरच राहायचा. पुन्हा कंबर हलायला लागली. लेझीम सुरू!

चाचा माझ्याकडे वळले. "फ्रेम बदललीस?"

"नाही चाचा."

"मग काय वाढली? लोखंड आहे का दोडका?"

मी टेप आणली. चाचांनी ती माझ्याकडून काढून घेतली. फ्रेम होती तेवढीच होती. सीट आधीच नळीवर पार खाली टेकलेली. लग एकमेकांना चिकटलेले, कापायला जागा नाही. सायकल तीच, माणूस तोच, आणि परवा पुरणारे पाय आज पुरत नव्हते. मी मनातल्या मनात माळ्यावरची माझी वळकटी बांधायला घेतली.

तेवढ्यात हिरावहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. थांबेचनात.

"आवं, परवा तुमी कंपनीतनं आलता ना? पायात काय हुतं?"

शंकरराव म्हणाले, "सेफ्टी शूज."

"मग! घरात ह्ये माझ्या खांद्याला लागत्यात, आन् कंपनीत जाताना कानाला. ही उंची कंपनीची हाय. घरची येगळी."

चाचांनी शंकररावांच्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. मग चाचा खाली स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतके हसले. वीस वर्षं ते कंपनीवाल्यांची मापं त्या जाड तळाच्या बुटांसकट घेत होते! काळ्या सायकलला सीट वर-खाली करायला भरपूर जागा, त्यामुळे कधी कुणाला कळलंच नव्हतं. रेसरला तशी सवलत नसते.

"मग सोपंय," शंकरराव म्हणाले. "सेफ्टी शूज घालूनच पळवतो."

घरी जाऊन घालून आले. पाय पुरले. मी म्हटलं, चाकणला ड्रमला वळायचंय, जरा वळून दाखवा. ते वळले, आणि खर्रकन पुढच्या चाकाला बुटाचं टोक लागलं. शंकरराव आणि रेसर शेजारच्या कलिंगडवाल्याच्या ढिगात. बुटकी फ्रेम म्हटली की पुढचं चाक पायाजवळ येतं. त्यात त्या बुटाचं टोक लोखंडी आणि लांब. आता सेफ्टी शूज घातले तर वळता येईना, आणि कॅनव्हास घातले तर पॅडल मारता येईना.

"पॅडलला लाकडी ठोकळे बांधू," चाचा म्हणाले.

"पोरांच्या तीनचाकीला असत्यात तसले?" शंकरराव अंगावरचं कलिंगड झटकत म्हणाले. "जाधव मला जन्मभर बाबागाडी म्हणंल. त्यापरीस शिडी बरी."

आधी मी सीटची क्लिप उलटी लावली. क्लिप म्हणजे सीट नळीला धरून ठेवणारी पकड. ती उलटी केली की सीट थोडी खाली लोंबते. अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी कोपऱ्यातल्या फाटक्या ट्रकच्या टायरकडे बघत बसलो. आमच्या गावाकडं टायरच्या चपला घरोघरी. मी म्हणालो, "चाचा, उंची बुटाला लावू. पण टोक सोडून."

टायरचे दोन तुकडे कापले. कॅनव्हासच्या बुटांखाली, चवड्यापासून टाचेपर्यंतच, दाभणानं शिवले आणि वर सोल्युशन लावलं. टोक तसंच पातळ ठेवलं. तोवर दिवे लागले होते. शंकरराव बसले, पाय पुरले. वळले. चाक मोकळं फिरलं. वहिनी म्हणाल्या, "आता कुठं माझ्या जोडीचं दिसाया लागलात!"

चाचा बुटाची शिवण ओढून ओढून बघत राहिले. त्यामुळे माझी काळजी गेली नाही. शिवण रस्त्यात उसवली तर?

सकाळी नाशिक फाट्यावर पर्सोनेल ऑफिसर एकेकाची सायकल तपासत होते. शंकररावांच्या पायांपाशी थांबले. बुटाखाली ट्रकची नक्षी स्पष्ट दिसत होती.

"हे काय आहे?"

"शूज, साहेब."

"शूज आहेत का ट्रक?"

"इंग्लिश फ्रेमला मॅचिंग आहेत, साहेब."

साहेबांनी पुन्हा वाकून पाहिलं, ओठ दाबले आणि म्हणाले, "नियमात बुटांचं काही लिहिलेलं नाही. जा."

चाचा, वहिनी आणि मी कांद्याच्या रिकाम्या टेंपोतून आधीच चाकणला निघालो. हातात पंप, पाना आणि दाभण. ड्रमपाशी उभे राहिलो. मला तहान लागत होती आणि पाणी पिववत नव्हतं.

आधी जाधव दिसला, चोवीस इंची सायकल, लांबलचक टांगा. त्याच्या मागं लाल ठिपका. जाधव वळायला गेला, पण एवढ्या लांबड्या सायकलला ड्रमचा वळसा पुरेना. तो रस्ता सोडून कांद्याच्या गोण्यांपर्यंत गेला, एक पाय गोणीवर टेकवून थांबला. शंकरराव आले आणि ड्रमभोवती असे फिरले, जसा भोवरा खिळ्यावर फिरतो. कंबर हलली नाही. बूट चाकाला लागला नाही.

"जाधवा, शिडी देऊ का?" जाता जाता ओरडले.

वहिनींनी अशी शिट्टी मारली की बाजारातले बैल बिथरले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून शिट्टी! मी नाचत होतो. चाचा पंप हवेत फिरवत नाचत होते. टेंपोवाला आम्हाला ओळखत नव्हता, तोही नाचला.

त्याच टेंपोतून आम्ही परत फाट्यावर आलो. पहिला नंबर टूल रूमच्या एका मुलाचा आला. त्याच्याकडं आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. शंकरराव दुसरे, जाधव तिसरा. शंकररावांनी मिळालेला स्टीलचा डबा आधी वहिनींच्या हातात दिला आणि मग रस्त्यात मांडी घालून बसले. डाव्या बुटाची शिवण निम्मी उसवली होती.

आम्ही दुकानात परतलो तर फळीपुढं चार माणसं उभी. चौघंही बुटकी. पिंपरीचे दोन, रहाटणीचा एक, आणि एक रेस बघून थेट चाकणहून आलेला. "आमालाबी तसली पाहिजे," म्हणाले.

चाचांनी कुलूप काढलं. गॅसची ज्योत पेटवायची नळी, जी आजवर काम झालं की ते स्वतःच्या पेटीत ठेवायचे, ती त्यांनी माझ्या हातात दिली. "ही आता तुझ्या पेटीत ठेव," म्हणाले. "आणि यांना सांग, आधी बूट काढा."

माझ्याकडे पेटी नव्हती. त्या रात्री मी नळी उशाखाली घेऊन झोपलो.

पुढं मी कित्येक बुटक्या रेसर केल्या. आता चिंचवडला माझं स्वतःचं दुकान आहे. माप घ्यायला गिऱ्हाईक अनवाणी उभं राहतं. नवीन माणसं विचारतात, दुकान आहे का देऊळ? उन्हाळ्यात, शिफ्ट सुटल्यावर, दुकानात जरा वास येतो. पण माप चुकत नाही.