सहायकाचा बाक

रविवारी पहाटे कोल्हापूर स्थानकातून सुटलेल्या गाडीत वाहकाकडून दीड तिकीट घेतलं: माझं पूर्ण, माझ्या लेकीचं, ऋतुजाचं, महिला सवलतीतलं अर्धं. निरोपाला सौ. आणि तालमीच्या फुटबॉल संघातली चार माणसं हजर होती. पिशव्या दोन, मोठी ऋतुजाची. पुण्यातल्या एका क्लबच्या मुलींच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूची एकच जागा रिकामी होती आणि निवड झालेल्या मुलीनं त्याच दिवसापासून वसतिगृहात राहायचं होतं. पुढच्या वर्षी ऋतुजा वयात बसत नाही. मोठी पिशवी तिथे राहते की परत येते, एवढाच प्रश्न होता.

स्वारगेटला उतरून मिसळ मागवली. पोह्यांवर घातलेली, वर गोडसर. मी कट मागितला. मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, "सॅम्पल (आपल्याकडचा कट) म्हणायचं. एकदाच मिळतं."

ऋतुजानं दोन घास खाऊन बशी सरकवली. "पप्पा, आता नको. पळायचंय."

तिचीही मिसळ मीच संपवली. टाकायची कशाला?

रिक्षावाल्यानं खडकवासल्याच्या रस्त्यावर "हेच मैदान" म्हणून उतरवलं, ते निघालं क्रिकेटचं. उन्हात पिशव्या घेऊन पुढे चालत गेलो. धरणाकडून वारा येत होता, समोर सिंहगड स्वच्छ दिसत होता. ऋतुजानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मैदानात एक टकला गोरा माणूस खांद्यावर चेंडूंची जाळी घेऊन एकटाच खुणेचे शंकू मांडत होता. उजव्या गुडघ्यावर जुन्या टाक्यांचा लांब व्रण. मी त्याला सामान सांभाळणारा समजलो. ते सहायक प्रशिक्षक होते, स्पेनचे पाब्लो सर. मुख्य प्रशिक्षक गोव्याच्या एक मॅडम. त्या लांब मांडवात बसून पाहणार होत्या.

चाचणीचा सामना सुरू झाला. आपल्याकडे कोल्हापुरात मैदानात खेळणारे बावीस आणि गॅलरीतून खेळवणारे पाच हजार. ती सवय मी पुण्यात कुठे ठेवणार?

"ऋतुजा, मार की गं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मारला, चेंडू बाहेर.

"आत घे, आत!" पुन्हा पाहिलं. चेंडू गेला.

तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा संघाच्या व्यवस्थापक देशपांडेबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, आपण प्रशिक्षक का?"

"नाही, वडील."

"मग आपल्याला पगार नाही, उलट दंड आहे. रेषेबाहेरून कुणीही सूचना दिली की पन्नास रुपये. तीन झाल्या."

मध्यंतरात पाब्लो सरांनी मला बोलावून आपल्या बाकावर बसवलं. हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्यांची हिंदी इंग्रजीच्या आधाराने चालत होती. मी मराठीत देतो.

"माझे वडील बसचालक. प्रत्येक सामन्याला कठड्याशी उभे राहून ओरडायचे. मी चांगला खेळायचो. माझ्या एकोणिसाव्या वर्षी ते वारले."

"मग?"

"मग आवाज बंद. पायात चेंडू आला की मी कठड्याकडे बघायचो. तिथे कुणी नसायचं. मोठ्या क्लबनं दोन महिन्यांत परत पाठवलं. पुढे बारा वर्षं छोट्या संघांत काढली, गुडघा गेला, शेवटचे दोन हंगाम भारतात खेळलो, इथेच राहिलो. तीन मुख्य प्रशिक्षक बदलले. मी सहायकच आहे."

"मुख्य व्हावंसं नाही वाटत?"

"वाटतं. पण ओरडायला पुष्कळ असतात. गप्प राहायलाही कुणीतरी लागतं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "काल्मा (शांत)."

उत्तरार्धात ऋतुजाला चेंडू मिळाला. तिनं सवयीनं वळून पाहिलं. मी दात आवळून बाटली धरली. ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि समोरच्या मुलीनं चेंडू काढून नेला.

माझ्यामुळे गेला, असं वाटून मी उठलो. पाब्लो सरांनी माझा सदरा धरून खाली बसवलं.

सामना संपत आला होता. डाव्या रेषेवरून ती पुन्हा सुटली. समोर गोल दिसत होता. 'मार' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. मारलाही नाही. मागून पळत येणाऱ्या, मला न दिसलेल्या मुलीकडे चेंडू सरकवला. गोल!

"मुय बिएन (फार छान)! पुढे, पुढे!" पाब्लो सर बाकावर चढून ओरडत होते.

"सर, पन्नास," देशपांडेबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

मॅडम मांडवातून आल्या. "पाब्लो, डावी बाजू?"

"पूर्वार्धात ही मुलगी आलीच नव्हती," ते म्हणाले. "उत्तरार्धात आली. ती हवी."

मॅडमनी ऋतुजाकडे, मग मोठ्या पिशवीकडे पाहिलं. "खोली दाखवा तिला."

दंडाच्या डब्यातून मुलींची केळी येतात. मी दीडशे टाकले, सरांनी पन्नास. मी पावती मागितली. "पुण्यात शोभाल," देशपांडेबाई म्हणाल्या आणि दिली.

वसतिगृहाच्या दारात ऋतुजा म्हणाली, "पप्पा, तुम्ही ओरडला नाहीत तेव्हा मला वाटलं, रागावलात."

"नाही गं," म्हणालो आणि मोठी पिशवी तिच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत कात्रजचा घाट मागे पडला. एवढी वर्षं मी तिला खेळायला मदत करतो, असं समजत होतो. शेजारच्या जागेवर लहान पिशवी ठेवली होती. वाहक आला.

"किती?"

दीड म्हणणार होतो. पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

"एक."